घर कोणास द्यावें?

पंक्तींत अन्न मुबलक असेल, तर कोणास आधीं वाढावें हा प्रश्न निघत नाहीं. वाढप्याच्या भांड्यांत थोडेंच उरलें आणि पानें मात्र पुष्कळ राहिलीं, म्हणजे वडीलधाऱ्यांस प्रथम वाढावें कीं भुकेलेल्या मुलांस, हा विचार करावा लागतो. राहत्या घराचेंहि तसेंच आहे. त्यांतून जें घर सरकारनें किंवा नगरसंस्थेनें लोकांच्या पैशांतून बांधलें व जें बाजारभावाहून कमी भाड्यानें द्यावयाचें आहे, त्याच्या वाटणींत सर्वांचाच संबंध असतो. असें घर कोणास मिळावें, आणि एकदां मिळालेलें घर किती काळ त्याच्याकडे राहावें, या प्रश्नांवर इंग्लंडांत शंभरांहून अधिक वर्षें वाद चालला आहे. तो वाद समजून घेण्यासारखा आहे. कारण त्यांतील दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत सत्यांश आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडूं. समजा, लंडनच्या एका भागांत कौन्सिलच्या घरांची एक आळी आहे. तेथें ७५ वर्षांची एक विधवा तीन शयनगृहांच्या घरांत एकटी राहते. पन्नास वर्षांपूर्वीं ती पतीबरोबर तेथें आली; तेथेंच तिचीं मुलें लहानाचीं मोठीं झालीं आणि आपापल्या संसारास लागलीं; पतीचें निधनहि त्याच घरांत झालें. भाडें तिनें कधीं चुकविलें नाहीं. त्याच आळीच्या दुसऱ्या टोंकास एका शयनगृहाच्या घरांत आईबाप व त्यांचीं तीन मुलें राहतात. थोरली मुलगी अभ्यासास बसली, तर दिवा जळतो म्हणून धाकट्यांस झोंप येत नाहीं. धाकटीं खेळूं लागलीं, तर थोरलीचा अभ्यास होत नाहीं. हीं माणसें उदाहरणापुरतीं कल्पिलेलीं आहेत. परंतु अशा स्थितींतील खरीं कुटुंबें त्या देशांत हजारोंनीं आहेत. कोणी म्हणेल, ‘बाईला लहान घरांत पाठवा आणि तिचें घर त्या कुटुंबाला द्या, यांत कठीण तें काय?’ कठीण काय आहे हें कळण्याकरितां मागील इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत कारखाने वाढले, तसे मजुरांचे लोंढे शहरांत आले. एकेका खोलींत एकेक कुटुंब, अंधार, ओल आणि रोगराई अशी त्यांची स्थिति होती. १८९० सालीं पार्लमेंटनें मजूरवर्गाच्या घरांसंबंधीं कायदा केला, आणि त्या आधारें लंडन कौंटी कौन्सिलनें पूर्व लंडनमधील ‘ओल्ड निकल’ नांवाची गलिच्छ वस्ती पाडून तेथें ‘बाउंडरी एस्टेट’ ही नवी वसाहत उभारली. १९०० सालीं तिचें उद्घाटन झालें. तिच्या लाल विटांच्या इमारती आजहि उभ्या आहेत. परंतु पाडलेल्या वस्तींतील मूळ रहिवाशांपैकीं अगदीं थोड्यांसच तेथें जागा मिळाली. कारण नव्या घरांचें भाडें त्यांस झेपण्यासारखें नव्हतें. नियमित वेतन मिळविणारे कारागीर तेथें राहावयास आले, आणि ज्यांच्या दैन्यामुळें वसाहत बांधावी लागली ते आसपासच्या तशाच दाट वस्त्यांत शिरले. घर बांधणें निराळें आणि तें गरजवंताच्या हातीं पडणें निराळें, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

पहिल्या महायुद्धानंतर या कामास मोठें स्वरूप आलें. १९१९ सालीं मंत्री अॅडिसन यांच्या प्रयत्नानें झालेल्या कायद्यानें घरें बांधण्याकरितां कौन्सिलांस सरकारी द्रव्यसाहाय्य मिळूं लागलें. तीन वर्षांत ५ लक्ष घरें बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत सुमारें २ लक्ष १३ हजार घरें झालीं. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅन्युरिन बेव्हन हे मंत्री असतां बांधकामानें फिरून वेग घेतला. मजुरांचीं घरें म्हणून तीं कोंदट व हलकीं असूं नयेत, असा त्यांचा कटाक्ष होता. त्या काळीं बांधलेलीं पुष्कळशीं घरें तीन शयनगृहांचीं होतीं. एक आईबापांस, एक मुलांस व एक मुलींस, असा सरळ हिशेब होता. पुढेंहि बांधकाम चालू राहिलें, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबें कौन्सिलच्या घरांत राहत होतीं. मात्र घर बांधतांना कुटुंब वाढतें याचा जितका विचार झाला, तितका तें पुढें ओसरतें याचा झाला नाहीं. मुलें मोठीं होऊन निघून जातात, दोहोंपैकीं एक जोडीदार मागें राहतो, आणि तीन शयनगृहांच्या घरांत एकच दिवा लागतो. आपल्या विधवा बाईचें घर हें अशाच घरांपैकीं एक होय.

आतां वाटणीच्या रीती पाहूं. घरें थोडीं व मागणारे फार, म्हणून प्रत्येक कौन्सिलनें अर्जांची यादी ठेविली. कोठें ज्याचा अर्ज आधीं त्यास आधीं, असा नियम होता. कोठें गुणांची पद्धति होती. घरांत दाटी असेल तर इतके गुण, आजार असेल तर इतके, त्या गांवीं राहून इतकीं वर्षें झालीं तर इतके, असें मोजून ज्याचे गुण अधिक त्यास घर मिळे. ही रीति दिसावयास निर्दोष होती. पण गुण देणारीं माणसेंच होतीं. कौन्सिलचा पाहणी करणारा नोकर अर्जदाराच्या घरीं जाई, बिऱ्हाड स्वच्छ आहे कीं नाहीं हें पाही, आणि ‘चांगल्या’ वाटलेल्या कुटुंबास चांगलें घर व ‘वाईट’ वाटलेल्यास जुनाट घर, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणीं होई. सरकारनें नेमलेल्या कलिंगवर्थ समितीनें १९६९ सालच्या अहवालांत या प्रकारावर कडक टीका केली. गरज मोजावयाची तेथें कौन्सिलचे लोक माणसाची योग्यता मोजूं लागले होते.

याच सुमारास दुसरा एक हक्क लोकांच्या मनांत रुजला होता. पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन भागाचा अभ्यास करून मायकेल यंग व पीटर विल्मट यांनीं १९५७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, तेथील मजूर कुटुंबांत लग्न झालेली मुलगी आईच्या घराजवळ बिऱ्हाड करी. बाळंतपण, आजारपण, मुलांस सांभाळणें, या सर्वांत आईची मदत असे, आणि आई थकली म्हणजे मुलगी तिला पाही. मुलीस जवळपास जागा मिळावी म्हणून आईच भाडें वसूल करणाऱ्याकडे शब्द टाकी. अनेक कुटुंबांस कौन्सिलनें शहराबाहेर नवीं, हवेशीर घरें दिलीं. पण आप्तांपासून तुटल्यामुळें त्यांतील पुष्कळ बायकांस तेथें एकाकी वाटूं लागलें. घर म्हणजे चार भिंती व छप्पर एवढेंच नव्हे, तर शेजारपाजार व सोयरीकहि त्यांत येते, ही गोष्ट या पाहणीनें स्पष्ट झाली.

१९७७ सालीं पार्लमेंटनें बेघरांसंबंधीं नवा कायदा केला. ज्या निराश्रित कुटुंबांत लहान मुलें आहेत, किंवा जीं माणसें वार्धक्यानें अथवा दुसऱ्या कारणानें दुर्बल आहेत, त्यांच्या निवाऱ्याची सोय करणें हें कौन्सिलचें कर्तव्य ठरलें. हा कायदा दयेचा व न्यायाचा होता, यांत शंका नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, ‘आम्ही येथलें जुने, आमच्या मुलांस येथें घर मिळावें’ हा दावा मागें पडला आणि ‘ज्याची गरज तातडीची त्यास आधीं’ हें तत्त्व पुढें आलें. बेथनल ग्रीनमध्यें त्यानंतर बांगला देशांतील सिल्हेट भागांतून आलेलीं अनेक कुटुंबें राहावयास आलीं होतीं. त्यांची कुटुंबसंख्या मोठी व जागा अपुरी, म्हणून गरजेच्या हिशेबानें त्यांचा नंबर वर लागे. जुन्या रहिवाशांचीं मुलें मात्र घर न मिळाल्यानें दूर जात. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका ग्रंथांत, ज्याच्या लेखकांत तेच यंग होते, या कडवटपणाचें सविस्तर वर्णन आहे. खरें पाहतां नव्या कुटुंबांनीं कोणाचें कांहीं हिसकावून घेतलें नव्हतें. त्यांनीं नियमाप्रमाणें अर्ज केला होता. नियमावर व्हावयाचा राग शेजाऱ्यावर निघाला. जे नियम लोकांस समजावून न सांगतां बदलले जातात, त्यांच्या पोटीं असेंच वैर जन्मास येतें.

१९८० सालच्या कायद्यानें दोन मोठे फरक केले. एक असा कीं, कौन्सिलच्या भाडेकरूस स्थैर्य मिळालें. न्यायालयापुढें कारण सिद्ध केल्यावांचून त्यास काढतां येईना. त्याच्या पश्चात् वैवाहिक जोडीदारास किंवा बरोबर राहणाऱ्या आप्तास एकवार त्या घराचा वारसा मिळूं लागला. दुसरा असा कीं, भाडेकरूस राहतें घर सवलतीच्या किंमतीस विकत घेण्याचा अधिकार मिळाला. लक्षावधि कुटुंबें त्यामुळें घरमालक झालीं, आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. पण एकट्या इंग्लंडांत आजवर सुमारें २० लक्ष घरें अशा रीतीनें विकलीं गेलीं, आणि विक्रीचा पैसा नव्या घरांकरितां खर्च करण्यावर कौन्सिलांस बराच काळ निर्बंध होते. म्हणून जितकीं घरें गेलीं तितकीं नवीं आलीं नाहींत. स्कॉटलंडनें हा अधिकार २०१६ सालीं व वेल्सनें २०१९ सालीं रद्द केला. इंग्लंडनें २०२४ सालीं सवलत पुष्कळ कमी केली. आज इंग्लंडांत कौन्सिलच्या व तत्सम गृहसंस्थांच्या भाड्याच्या घरांत सुमारें १७ टक्के कुटुंबें राहतात. २०२४ सालीं घरांच्या यादींत १३ लक्षांहून अधिक कुटुंबांचीं नांवें होतीं. आणि २०२५ सालीं तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढणाऱ्या मुलांची संख्या १ लक्ष ६० हजारांहून अधिक होती. वाढप्याच्या भांड्यांत किती उरलें आहे व किती पानें वाट पाहत आहेत, हें या आंकड्यांवरून समजेल.

या मुलांची बाजू प्रथम ऐकूं. इंग्लंडांत दाटी कशास म्हणावें याची कायद्यानें ठरविलेली व्याख्या १९३५ सालची आहे, आणि ती थोड्याफार फरकानें अजून चालू आहे. त्या हिशेबांत एक वर्षाखालील मूल मोजलेंच जात नाहीं. एक ते दहा वर्षांचें मूल अर्धें धरतात. आणि बैठकीची खोलीहि निजावयाची म्हणून मोजतात. इतक्या सैल मापांत न बसणारें बिऱ्हाड किती दाट असेल, याची कल्पना करावी. दाटीच्या घरांत आजार लवकर पसरतो, अभ्यासास कोपरा मिळत नाहीं, आईबापांचा ताण मुलांवर निघतो. पुन्हां बालपण थांबून राहत नाहीं. वृद्धाची गैरसोय पुढच्या वर्षीं दूर केली तरी ती दूर झाली असें म्हणतां येतें. पण आठव्या वर्षीं ज्या मुलास जागा हवी होती, त्याला ती अठराव्या वर्षीं देऊन काय उपयोग? मुलांच्या पक्षाचें खरें बळ येथें आहे.

आतां वृद्धांची बाजू. ‘मी पन्नास वर्षें भाडें भरलें’ असें ती विधवा म्हणते. कोणी उत्तर देईल कीं, भाडें हें राहण्याचा मोबदला होय, त्यानें मालकी येत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें हें उत्तर बरोबर आहे. पण बाईचें म्हणणें त्यानें संपत नाहीं. तिनें त्या घराच्या भरवशावर आपलें आयुष्य मांडलें. शेजारीण सकाळीं पडदा उघडलेला न दिसल्यास दार ठोठावते. औषधांचा दुकानदार तिला नांवानें ओळखतो. अंधारांतहि तिचा हात दिव्याच्या कळीवर नेमका पडतो. नातवंड सुटींत येऊन ज्या खोलींत राहतें, किंवा आजारपणांत शुश्रूषा करणारी बाई जेथें रात्रीं निजते, ती खोली नकाशावर ‘रिकामी’ असली तरी तिच्या जीवनांत रिकामी नसते. उतारवयांत या गोष्टी तोडल्या, तर त्या पुन्हां जुळविण्यास आयुष्य उरलेलें नसतें. म्हणजे वेळ निघून जाण्याचें भय मुलांस आहे, तसें वृद्धांसहि आहे.

बळजबरीनें हा प्रश्न सोडविण्याचा यत्न झाला, त्याचें फळ काय झालें? २०१२ सालच्या कायद्यान्वयें एप्रिल २०१३ पासून असा नियम लागू झाला कीं, गरजेपेक्षां एक शयनगृह अधिक असल्यास घरभाड्याच्या सरकारी मदतींत १४ टक्के, व दोन किंवा अधिक असल्यास २५ टक्के कपात व्हावी. दहा वर्षांखालील मुलामुलींनीं एका खोलींत राहावें, सोळा वर्षांखालील दोन भावांनीं किंवा दोन बहिणींनीं एका खोलींत राहावें, असे बारकावे ठरले. निवृत्तिवेतनाच्या वयाच्या भाडेकरूंस मात्र नियमांतून वगळलें. परिणाम विचित्र झाला. मोठ्या घरांत एकटे राहणारे पुष्कळसे वृद्ध होते, त्यांस नियम लागला नाहीं. ज्यांस लागला ते तरुण व मध्यम वयाचे गरीब लोक होते, आणि सरकारच्याच अंदाजाप्रमाणें त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या घरांत कोणी ना कोणी अपंग होतें. लहान घरांत जावें तर लहान घरें पुरेशीं नव्हतीं, म्हणून घर सोडून गेलेले थोडे व पोटास चिमटा घेऊन राहिलेले अधिक झाले. नोव्हेंबर २०१६ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें दोन प्रकरणीं हा नियम अन्यायाचा ठरविला. एका प्रकरणांत अपंगत्वामुळें पतिपत्नींस एका खोलींत निजणें शक्य नव्हतें. दुसऱ्यांत अपंग नातवाचा सांभाळ करणाऱ्या आजीआजोबांस रात्रीं येणाऱ्या परिचारिकेकरितां खोली लागत होती. सरकारी कागदावर दोन्ही खोल्या जादा होत्या.

दुसरा मार्ग मुदतीचा निघाला. २०११ सालच्या कायद्यानें कौन्सिलांस नव्या भाडेकरूंशीं कांहीं वर्षांपुरता करार करण्याची मोकळीक दिली. मुदत संपल्यावर गरज पुन्हां तपासावी, असा हेतु. २०१६ सालीं असा करार सक्तीचा करण्याचा कायदा झाला. पण ती सक्ति अंमलांत आणणार नसल्याचें सरकारनें २०१८ सालीं जाहीर केलें. मुदतीच्या घरांत राहणारा माणूस बागेंत झाड लावील कीं नाहीं, आणि पगार वाढल्यास घर जाईल या भीतीनें अधिक पगाराची नोकरी टाळील कीं काय, या शंकांस समाधानकारक उत्तर मिळालें नव्हतें.

मग हिशेब जुळतो कोठें? इंग्लंडांतील सरकारी पाहणी पाहतां, अशा भाड्याच्या घरांपैकीं साधारण दहांत एक घर असें आहे कीं जेथें दोन किंवा अधिक शयनगृहें जादा आहेत; आणि जवळजवळ तितक्याच घरांत दाटी आहे. आंकडे पाहणारास वाटेल कीं, अदलाबदल केली कीं काम झालें. पण दाटीचीं घरें विशेषेंकरून लंडनमध्यें आहेत, आणि जादा खोल्यांचीं घरें देशभर विखुरलेलीं आहेत. उत्तरेकडील एखाद्या जुन्या खाणींच्या गांवांतील रिकामी खोली लंडनमधील मुलाच्या उपयोगीं कशी पडणार? शिवाय वृद्धांपुढें जीं लहान घरें ठेवतात, तीं पुष्कळदां वरच्या मजल्यावर, परक्या वस्तींत, पलंग व चूल एकाच खोलींत असलेलीं असतात. २०११ पासून कांहीं नव्या घरांचें भाडें बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत आकारलें जाऊं लागलें. त्यामुळें मोठें घर सोडून लहान घेणारास भाडें उलट अधिक पडण्याचा संभव असतो. असा सौदा न स्वीकारल्याबद्दल त्या बाईस स्वार्थी म्हणणें योग्य होणार नाहीं.

ज्या उपायांत सक्ति नाहीं, ते हळू चालतात खरे. पण त्यांनीं दोन्ही पक्षांचें समाधान होतें. कित्येक कौन्सिलें मोठें घर खुषीनें सोडणारास प्रत्येक खोलीमागें कांहीं रक्कम देतात, सामान हलविण्याचा खर्च सोसतात, यादींत त्याचें नांव वर घेतात व कागदपत्रांच्या कामास माणूस देतात. लंडनमधील वृद्ध भाडेकरूंस समुद्रकाठच्या किंवा खेडेगांवच्या लहान घरांत जाण्याची सोय करणारी एक जुनी योजनाहि आहे. परंतु सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे त्याच भागांत, तळमजल्यावर, उबदार, एक जादा खोली असलेलीं लहान घरें बांधणें. असें एक घर झालें, कीं त्यांत आपली विधवा आनंदानें जाईल. तिच्या तीन शयनगृहांच्या घरांत पांच माणसांचें कुटुंब येईल. त्याच्या एका शयनगृहाच्या घरांत नवें जोडपें येईल. एका घराच्या बांधणीनें तीन बिऱ्हाडें सुखी होतात, आणि कोणासहि हुसकावून द्यावें लागत नाहीं.

सिंगापुरांत, जेथें तीन चतुर्थांशांहून अधिक रहिवासी सरकारी मंडळानें बांधलेल्या घरांत राहतात, तेथेंहि याच दिशेनें विचार झाला आहे. तेथील घरें बहुधा दीर्घ मुदतीच्या करारानें विकलेलीं असतात, हा भेद लक्षांत ठेविला पाहिजे. २०१५ पासून आईबापांजवळ घर घेणाऱ्या विवाहित मुलांस तेथें अनुदान मिळूं लागलें, आणि ५५ वर्षांवरील माणसांकरितां थोड्या मुदतीचीं लहान घरें ठेवण्यांत आलीं. म्हातारपण व तारुण्य एकमेकांचे प्रतिस्पर्धी न होतां शेजारी व्हावे, असा त्या योजनेचा रोख आहे.

आपल्या मुंबईचा अनुभव निराळा असला तरी प्रश्नाचें मूळ तेंच आहे. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें खाजगी मालकांच्या घरांचीं भाडीं १९४० सालच्या पातळीच्या आसपास बांधून टाकलीं. चाळींतील जुन्या बिऱ्हाडकरूंस त्यानें मोठा आधार दिला. पण भाडें डागडुजीसहि पुरेना, मालक नवीन घर भाड्यानें देईनात, आणि नव्या जोडप्यास पागडी दिल्यावांचून खोली मिळेना. १९९९ सालच्या कायद्यानें त्यांत फेरबदल झाले. दुसरीकडे १९७७ सालीं स्थापन झालेलें म्हाडा हें सरकारी मंडळ घरें विकतांना उत्पन्नाचे गट पाडून सोडत काढतें. सोडतींत वशिला चालत नाहीं, हा तिचा मोठा गुण. पण चिठ्ठीस डोळे नसल्यानें कोणाच्या घरीं किती दाटी आहे हें तिला दिसत नाहीं. जुन्यांस संरक्षण, गरजवंतास अग्रमान, किंवा दैवाचा कौल, यांपैकीं कोणतेंहि एकच तत्त्व घेतलें कीं कोणी ना कोणी दाराबाहेर राहतो.

तर मग न्याय कशास म्हणावें? इंग्लंडच्या १९८५ सालच्या गृहकायद्यांत एक कलम आहे, तें येथें मार्गदर्शक वाटतें. भाडेकरू वारल्यावर घर त्याच्या पत्नीकडे किंवा पतीकडे आलें, तर तें मोठें आहे म्हणून तिला किंवा त्याला काढतां येत नाहीं. तेंच घर मुलाकडे किंवा दुसऱ्या आप्ताकडे आलें व तें त्याच्या गरजेपेक्षां मोठें असलें, तर योग्य असें दुसरें घर देऊन तें परत मागतां येतें; मात्र न्यायालयानें त्याचें वय, तेथें तो किती वर्षें राहिला, आणि मृत भाडेकरूस त्यानें काय मदत केली, हें पाहिलें पाहिजे. ज्या दोघांनीं मिळून संसार उभा केला त्यांतील मागें राहिलेल्यास घर राखतां येतें. ज्यास तें केवळ वारशानें आलें त्याजकडून, दुसरी सोय करून, तें समाजाकडे परत येतें. या कलमांत गरजेचा विचार आहे, ऋणानुबंधाचाहि आहे, आणि दोहोंमध्यें कोठें रेघ ओढावी हें आधींच सर्वांस सांगून ठेविलें आहे.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, नवें घर देतांना गरज हेंच मुख्य माप असावें, आणि त्यांत मुलांच्या निघून जाणाऱ्या वर्षांस मोठें वजन द्यावें. दुसरी, दिलेलें घर म्हाताऱ्या माणसाकडून दंडाच्या धाकानें काढून घेऊं नये; त्यास जवळच दुसरें चांगलें घर देऊन त्याच्या संमतीनें तें मोकळें करून घ्यावें. तिसरी, नियम आगाऊ प्रसिद्ध करावे, सर्वांस सारखे लावावे, नकार दिल्यास कारण सांगावें व दाद मागण्यास जागा ठेवावी. मात्र हे तीनहि नियम पाळले तरी जेथें घरेंच थोडीं आहेत तेथें कोणीतरी उपाशी उठणारच. विधवा व ती तरुण आई या दोघी एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. बांधकाम थांबलें व विकलेल्या घरांच्या जागीं नवीं घरें आलीं नाहींत, म्हणून त्या समोरासमोर उभ्या राहिल्या आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं पुष्कळजण पुढें नगरसंस्थांत, सरकारी कचेऱ्यांत किंवा गृहनिर्माण मंडळ्यांत काम कराल, आणि कधीं ना कधीं अर्जांचा एक गठ्ठा तुमच्या मेजावर येईल. त्यांतील प्रत्येक कागदामागें एक बिऱ्हाड आहे, हें स्मरावें. तोंवर हाच प्रश्न तुमच्या घरांत लहान रूपानें रोज उभा असतो. आजोबांची खाट खिडकीपाशीं असावी कीं परीक्षेस बसलेल्या ताईचें मेज तेथें असावें? या प्रश्नास सर्व घरांस लागू पडेल असें एक उत्तर नाहीं. पण आजोबांस न विचारतां खाट हलवूं नये, आणि ताईस दिवा कोठें मिळेल हें ठरविल्यावांचून कोणीं निजावयास जाऊं नये, इतकें तरी प्रत्येक घरीं करतां येईल.